अस्थिशोधाचा दौरा

सोलापूर हे शहर सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसावर वसलेले असून त्या रसात कोणाचे हाड शाबूत राहण्याची आशा नसल्यामुळे, ज्या सोलापूरकराला उतारवयात जीवाश्म पाहण्याची लहर येते त्याला परमुलखातील नदीच्या गाळाला शरण जावे लागते. लातूर जिल्ह्यात मांजरेकाठी हरवाडीला प्राचीन हत्तींच्या व रानबैलांच्या अश्मीभूत अस्थी सापडल्याचे वाचून मी तिकडचा बेत आखला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी ‘हाडेच पाहायची तर घरात आरसा आहे,’ असा शेरा मारून शेंगाचटणीचे डबे भरले.

बिछाना, शेगडी व मोरी यांनी युक्त अशी पांढरीशुभ्र कॅम्पर व्हॅन भाड्याने मिळाली. तीत माझी लांबी मावत नसल्याने मी रात्री काटकोनात निजलो. धाराशिवची लेणी, मूळची बौद्ध मानली जाणारी व पुढे जैनांनी आपली केलेली, पाहिली, भव्य आहेत.

पुढे एका खेड्याबाहेर आम्ही गाडीची कनात ताणून, घडीचे टेबल मांडून चहा करीत असता, हा फिरता दवाखानाच होय, असा ग्रामस्थांचा ग्रह होऊन रांग लागली. मी इन्कार करण्यापूर्वीच आमचे स्नेही, कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून, रांगेच्या दर्शनाने मोहित होऊन, चटणीच्या हिशेबाच्या वहीत नाव, वय, मौजे व तक्रार अशी सदरे आखून क्रमांक देते झाले. एकाने तंदुरुस्तीचा दाखला मागितला. एकाने शेळी आणली.

मग एक म्हातारी गुडघा धरून समोर बसली. मी डॉक्टर नसल्याचे तिला बजावले.

“नसाल तर नसा, पण बघा तरी,” ती म्हणाली.

मी बघितला. तो सुजलेला गुडघा हाती धरताच मला विलक्षण संताप आला: हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या हत्तीच्या दाढेची मोजमापांसह नोंद होते, आणि या जिवंत हाडाची दाद घ्यायला गावात वाट चुकलेली गाडी यावी लागते!

हरवाडी रद्द झाली. म्हातारीला बिछान्यावर निजवून आम्ही तालुक्याच्या रुग्णालयाची वाट धरली. शेळीलाही बरोबर घ्यावे लागले. कारण तिचा क्रमांक म्हातारीच्या आधीचा होता आणि तो डावलण्यास अव्वल कारकुनांची सक्त हरकत होती.