गुरुवारचे अण्णा

‘विद्युत व स्थापत्यविषयक कामांसाठी गुरुवारी पाणी बंद’ अशी बातमी पेपरात आली, की आमच्या पुण्यातल्या सोसायटीचे अण्णा टवटवीत होतात. एरवी निवृत्त माणसाला घरात कोण विचारतो? पण त्या दिवशी सगळी खाती त्यांच्याकडे. त्यातही संडासाचं स्वतःकडेच, ते कुणाला देत नाहीत.

बुधवारी रात्रीच पिंपं, बादल्या, कळशा, लग्नातलं घंगाळ, सगळं काठोकाठ. मग फ्लशच्या बटणावर चिकटपट्टी. “आपली टाकी जुनी. एकदा दाबलं की दहा लिटर गेले!” हे सुनेला दर वेळी नव्याने.

सकाळी दाराशी स्टूल टाकून पेपर धरून बसतात आणि आत जाणाऱ्याला विचारतात, “एक की दोन?” जावयालाही सोडलं नाही. एकला टमरेलभर. दोनला अर्धी बादली, आणि तीही त्यांच्या पद्धतीने. “टमरेलाटमरेलाने ओतलंत तर पाणी नुसतं ओघळून जातं, ऐवज जागेवर! बादली उचलायची, एका दमात ओतायची. भांड्यामागचं वळण गच्च भरलं, की पाणीच सगळं ओढून नेतं.” वैताग असा, की हे शंभर टक्के खरं आहे.

मशीनचं साबणाचं पाणी संडासाला, तांदळाचं धुवण कढीपत्त्याला. आणि एवढी काटकसर करणारा माणूस पाहुण्यांच्या बंद संडासात तांब्याभर चांगलं पाणी ओततो! काकू भडकल्या. “वळणातलं पाणी आटलं तर गटाराचा वास घरात येईल,” अण्णा शांतपणे. नातवाने कुरकुर केली, की १९६१ साली फुटलेलं पानशेत पुन्हा फुटतं, नळ कोरडे पडतात आणि छोटे अण्णा कळशी घेऊन विहिरीवर निघतात.

‘शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने’ येणारं पाणी परवा पहाटेच धो धो आलं. अण्णांचा चेहरा पडला. ऑगस्ट महिना, खडकवासला साखळीतली चारही धरणं भरून २९ टीएमसीच्या घरात, तरी पिंपाला हात लावू देईनात. शेवटी काकूंनी त्यांच्यादेखत चिकटपट्टी टरकन ओढली आणि बटण दाबलं. अण्णा दाराबाहेर उभे राहून लिटर मोजत होते.