पासष्ट गुणांचे पेढे

"अगं, समोरच्यांनी दिवाळीच्या आधी पेढे वाटले होते, आठवतात? दुलीरामचे?"

"आठवतात की काकू. मुलाचं ऑस्ट्रेलियाचं झालं म्हणून."

"काही झालं नव्हतं. नुसते पासष्ट झाले होते."

बडोद्याच्या कारेलीबागेत आमच्या आणि काकूंच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत आहे. उत्तरायण तोंडावर आलं की उंधियोसाठी तुवेरीच्या शेंगांची परात त्या भिंतीवर येते. काकू गणिताच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या तरी हिशेब सुटलेला नाही, फक्त आता तो सोसायटीचा असतो. मी आपली माझ्या बाजूने दोन मुठी शेंगा ओढून घेते आणि ऐकते.

"तूच कर बेरीज," काकू म्हणाल्या. "वय पंचवीस ते बत्तीसमध्ये असलं तर तीस गुण. हा बत्तीसचा. डिग्री आपल्या कलाभवनची, मेकॅनिकल, तिचे पंधरा. नोकरीची पाच वर्षं पुरी, त्याचे दहा. इंग्रजीच्या परीक्षेत, आयईएलटीएसच्या चारही भागांत सात, त्याचे दहा."

"पासष्ट."

"आणि अर्ज करायला लागतातही पासष्टच. अलकापुरीतल्या कुठल्याशा एजंटनं फोन करून सांगितलं, अभिनंदन, तुम्ही पात्र! की हिनं लगेच डबे मागवले."

"मग पास झाला नाही का तो?"

"अगं, पत्रिकेत छत्तीसातले अठरा जुळले म्हणजे काय अक्षता पडल्या? बोलणी करायला हरकत नाही, एवढंच. हे तसंच. पासष्ट झाले की नाव नोंदवता येतं. स्किलसिलेक्ट म्हणून त्यांचं पोर्टल आहे, २०१२ पासूनचं. तिथं नोंदणी फुकट, दोन वर्षं चालते. मग सरकारच्या मनात येईल तेव्हा फेरी काढतात आणि त्या-त्या धंद्यात ज्याचे गुण जास्त त्याला आधी बोलावतात. इंजिनिअर तर आख्ख्या जगातून रांगेत. पासष्टवाला उभाच राहतो. बोलावणं आलं की साठ दिवसांत खरा अर्ज, कागद आणि फी. ती फी एका माणसाची चार हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, आणि नकार आला तरी परत मिळत नाही."

"हे त्यांना कुणी सांगितलं नाही?"

"सांगणाऱ्याला दुसरा हप्ता घ्यायचा होता ना!" काकूंनी एक किडकी शेंग गटारात भिरकावली. "आणि पुढची गंमत ऐक. डिसेंबरात त्याचा वाढदिवस. तेहेतीस पुरी झाली. तेहेतीसला तिसाचे पंचवीस होतात. रात्री बारा वाजता गच्चीवर केक कापला आणि पोरगं साठावर आलं. म्हणजे रांगेतूनसुद्धा बाहेर."

"पण नाव नोंदवलं तेव्हा बत्तीसचाच होता ना?"

"बोलावणं येतं त्या दिवशीचं वय धरतात. म्हणून तर सगळे वाढदिवसाला घाबरतात तिथं. चाळिशीत पंधरा उरतात, पंचेचाळीस झाली की दारच बंद."

मी म्हटलं, आमचे दीर कॅल्गरीला आहेत, ते तर कॅनडा सोपं म्हणायचे. काकूंनी तेही बघून ठेवलं होतं. गुण मोजून माणसं घ्यायची पद्धत कॅनडानंच १९६७ मध्ये आणली. त्याआधी माणूस कुठल्या देशाचा हे बघत, मग शिक्षण, वय, भाषा बघायला लागले. आता तिथं बाराशेचा हिशेब आहे. एकट्या माणसाला विशीत वयाचे एकशेदहा मिळतात, तिशी लागली की दर वर्षी गळती. नोकरीचं पत्र आणलं तर पूर्वी वेगळे गुण मिळायचे. मग ती पत्रं विकत मिळायला लागली, तेव्हा मार्च २०२५ मध्ये ते गुणच काढून टाकले.

"आता ज्याला फ्रेंच येतं त्याची तिथं चलती," काकू म्हणाल्या. "समोरचीनं तेही ऐकलं होतं. म्हणाली, फ्रेंच शिकायला किती दिवस लागतात? उत्तरायणपर्यंत होईल?"

दोघी हसलो. समोरच्या गच्चीवर कुणीतरी मांजा गुंडाळत होतं, म्हणून आवाज जरा खाली आणला.

"मग साठाचे वाढवायचे कसे?"

"एजंट म्हणाला, मामांच्या मकरपुऱ्याच्या कारखान्यात तीन वर्षं बसत होतास ना, ती दाखव. पण ती सगळी रोकड्यात, पगाराची पावती नाही, बँकेत नोंद नाही. आठवड्याला वीस तास, पगारी, आपल्याच धंद्यातलं काम, तेही गेल्या दहा वर्षांतलं असेल तरच धरतात. पोरगा शहाणा, नाही म्हणाला. खोटा कागद पकडला तर व्हिसा तर जातोच, वर तीन वर्षांची बंदी. इंग्रजीत चारही भागांत आठ आणले असते तर दहाचे वीस झाले असते. तेही करून बघितलं. लिहिण्यात अडकला. मग राहिले भाषेचे पाच."

हे मला नवीन होतं. इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येते, आणि दुभाष्यासारखं इकडचं तिकडे करता येतं, हे दाखवलं तर ऑस्ट्रेलियात पाच गुण मिळतात. नाटी म्हणून त्यांची संस्था आहे, ती तोंडी परीक्षा घेते. दोन संवाद, एक माणूस इंग्रजीत बोलणार, दुसरा आपल्या भाषेत. एका वेळी पस्तीस शब्दांपर्यंत ऐकायचं आणि लगेच उलट भाषेत सांगायचं. नव्वदात त्रेसष्ट हवेत, शिवाय प्रत्येक संवादात पंचेचाळिसात निदान एकोणतीस. यादीत हिंदी आहे, गुजराती आहे आणि आपली मराठीही आहे.

"त्याच्या आजोबांनी हट्ट धरला, मराठीच दे. आला माझ्याकडे सरावाला. मी डॉक्टर झाले, इंग्रजीत म्हटलं, उद्या सकाळी काही न खाता रक्त तपासायला या. तर म्हणतो, 'उद्या सवारे भुख्या पोटानं ब्लड आपायला ये.'"

"काकू!"

"अगदी असंच. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, गल्लीत गुजराती, बडोद्याची आपली सगळी पोरं अशीच. एरवी कानाला गोड लागतं, पण परीक्षक मार्क कापणार. शेवटी त्यानं गुजराती घेतली. आजोबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत."

मग काकूंनी परात बाजूला सारली. खरी बातमी आता येणार हे मी ओळखलं.

"त्याच्या सरावाला सून बरोबर यायची. मिरजेची. एम.एस्सी., बी.एड., शाळेत फिजिक्स शिकवते. सासू आजवर काय म्हणायची ठाऊक आहे ना? एवढ्या पगारात रिक्षाचं भाडं तरी सुटतं का! तर मी सहज तिला विचारलं, तुझे किती गुण होतात गं? तिला कुणी विचारलंच नव्हतं. 'संदेश' पेपरच्या कोपऱ्यावर मांडले. वय एकोणतीस, तीस गुण. शिक्षणाचे पंधरा. शाळेची तीन वर्षं, पाच. इंग्रजीचे दहा. नवऱ्याचा धंदाही त्यांच्या यादीतला, त्याची तपासणी झालेली, इंग्रजी पुरेसं, तेव्हा जोडीदाराचे दहा. किती झाले?"

"सत्तर."

"मराठीची परीक्षा दिली तिनं, पहिल्या फटक्यात पास. पंच्याहत्तर. एखाद्या राज्यानं शिफारस केली तर आणखी पाच. आणि शिक्षकांना बोलावणं इंजिनिअरपेक्षा कमी गुणांवर येतं, हे मुख्य. वय तर अजून तीन-चार वर्षं हलत नाही. म्हणजे अर्ज सुनेच्या नावानं, नवरा तिच्या अर्जात जोडीला."

"आणि त्याची गुजराती?"

"वाया. भाषेचे पाच मुख्य अर्जदारालाच. त्याची सगळी धावपळ मिळून आता दहा गुणांची."

शिक्षकांची पात्रता तपासणारी त्यांची संस्था सोपी नाही, म्हणाल्या. ऐकण्यात-बोलण्यात आठ हवेत, लिहिण्या-वाचण्यात सात, आणि बी.एड.मध्ये प्रत्यक्ष वर्गावर पंचेचाळीस दिवस शिकवल्याचा दाखला. तो दाखला मागायला सून मिरजेला जाऊन आली. तपासणीचा निकाल यायचा आहे, तो आला की नाव नोंदवणार.

"शिकलेली माणसं अशी निघून चालली, वाईट वाटतं हो."

"वाटतं ना. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात धाडलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. परतल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करीन, असं लिहून घेतलं होतं. ते १९१७ मध्ये आलेही. आणि या शहरानं त्यांना राहायला जागा दिली नाही. थोड्याच दिवसांत गेले. तेव्हा जाणाऱ्याला बोलायचं आपण जरा जपूनच."

मी गप्प बसले. काकूच पुन्हा रुळावर आल्या.

"काल समोरची आली होती. इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारते, काकू, सासूचे किती गुण?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"शून्य! आईवडिलांचा व्हिसा वेगळा, आणि पैसे न भरता जायचं तर त्याची रांग तीस वर्षांच्या आसपास. तोंड एवढंसं झालं बिचारीचं. पण बाई सुनेच्या पाठीशी आहे हो आता. तिची सगळी प्रमाणपत्रं पिशवीत घालून लॅमिनेशनला निघाली होती. मी फाटकातच अडवलं. म्हटलं, उद्या कुणी मूळ कागदावर शिक्का मागितला तर मारायचा कुठं, प्लॅस्टिकवर?"