मुक्त संवादाच्या संयोजकांस

मा. संयोजक महोदय,



परवाच्या रंगकर्मी मेळाव्याबद्दल आपले अभिनंदन करावे तेवढे थोडेच. ऐन प्रयोगात माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारी दोनशे माणसे आपण चार तास गप्प बसवलीत. हे ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे.

नाट्यगृहात तिसरी घंटा झाली की आम्ही पडदा उघडतो. आपल्याकडे उद्घाटक आल्याखेरीज पहिलीसुद्धा होत नाही, ही नवी रीत कळली. मग दीपप्रज्वलन. समईच्या चार वाती पंख्याने विझल्या आणि पाचवीसाठी अकरा मान्यवर एकाच मेणबत्तीला हात लावून उभे राहिले. पंखा बंद करा, असे मी विंगेतून दोनदा खुणावले. पण मी पडलो पडदा ओढणारा, माझे नाव पत्रिकेत नव्हते.

पुढे अकरा शाली, अकरा श्रीफळे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केल्याचे प्रास्ताविकात कळले, उद्घाटकांकडून कळले आणि अध्यक्षांकडूनही कळले. भाव्यांचे एका दिवसात तीन प्रयोग लावण्याचा विक्रम आपल्याच नावावर!

ज्यासाठी मेळावा बोलावला, त्या मुक्त संवादाला उरली सात मिनिटे. पाचव्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. माईक तिच्या हाती पडेपर्यंत आभारप्रदर्शन सुरू झाले होते.

मेळावा खरा भरला तो नंतर, चहाच्या टेबलापाशी. मुलीची अडचण एवढीच होती, की तिच्या ग्रुपला तालमीला जागा नाही. शाळेत शिपाई असलेला एक हौशी नट म्हणाला, "आमचा हॉल सातनंतर रिकामाच असतो, मुख्याध्यापकांना विचारतो." एकाने दोन स्पॉटलाइट उसने द्यायचे कबूल केले. एवढे सगळे एका कपात उरकले. आपण तेव्हा माईकवरून ग्रुप फोटोसाठी हाका मारत होता.

हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन गृहस्थांचेही असेच झाले होते. वर्षभर खपून त्यांनी परिषद भरवली आणि लोकांनी वाखाणली ती कॉफीची सुट्टी. १९८५ साली, नंतरच्या एका परिषदेत, त्यांनी खुर्च्याच गोल मांडल्या. ज्याला जो विषय काढायचा त्याने तो कागदावर लिहून भिंतीला लावायचा. जिथे आपला उपयोग नाही तिथून खुशाल उठायचे. इंग्लंडमधल्या 'इम्प्रॉबेबल' या नाटक कंपनीने २००६पासून नाटकवाल्यांना याच पद्धतीने जमवायला सुरुवात केली.

इंग्लंड लांब वाटत असेल तर नारायणगावला जा. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, समोरासमोर बसून तारीख आणि सुपारी ठरते. यात्रांच्या हंगामाचे पोट त्या बैठकींवर चालते. तिथे सूत्रसंचालक लागत नाही, कारण बोलायचे काय ते प्रत्येकाला ठाऊक असते.

तेव्हा पुढच्या वर्षी एवढेच करा: चहा आधी द्या, खुर्च्या मंचावरून खाली घ्या आणि माईक पाचव्या रांगेपासून फिरवायला लागा. परवा अध्यक्षीय भाषण चालू असताना माझा हात दोरीवरच होता. मी मोह आवरला. पुढच्या खेपेला आवरेलच, याची हमी नाही.

आपला नम्र,
पडदा ओढणारा