पैशाचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं आणता येत नाही, असं आपले वाडवडील सांगून गेले. ते बिचारे कधी लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत, व्हाइटहॉलात, गेले नव्हते. तिथे पैशाचं सोंग इतकं बेमालूम वठवतात की खुद्द पैशालाही आपण आलोच आहोत असं वाटावं.

डिसेंबर 2021. पंतप्रधान जॉन्सनसाहेबांच्या सरकारने श्वेतपत्रिका काढली. इंग्लंडात म्हाताऱ्याकोताऱ्यांना, अपंगांना घरी जाऊन किंवा केअर होममध्ये उठवणारी, न्हाऊ घालणारी, भरवणारी जी माणसं आहेत, त्यांच्या शिक्षणासाठी आणि भल्यासाठी तीन वर्षांत 50 कोटी पौंड देऊ म्हणाले. टाळ्या पडल्या. एप्रिल 2023 मध्ये त्या 50 चे 25 झाले. तोवर पंतप्रधान दोनदा बदलले होते आणि रक्कम एकदाच, तेव्हा तक्रारीला तशी जागा नाही. 2024 च्या जानेवारीत पाच कोटींहून जास्तीची नवी घोषणा: 37 हजार कामगारांना पायाभूत पात्रता मिळवून देणार. जुलैत मजूर पक्ष सत्तेवर आला आणि ही योजना गुंडाळली गेली. तिच्या जागी जी आली, तिच्या वाट्याला 2025-26 साली 1 कोटी 20 लाख पौंड. हे काम करणारे लोक पंधरा लाखांवर आहेत. डोक्यामागे आठ पौंडही पडत नाहीत. लंडनमध्ये तेवढ्यात फिश अँड चिप्स मागितले तर बहुधा नुसते चिप्स हातावर ठेवतील.

आता कुणी म्हणेल, म्हातारीला चहा पाजायचा, त्यात शिकायचं काय? बरं, चहाच घेऊ. पक्षाघातानंतर गिळणं बिघडलं की पातळ चहा अन्ननलिका सोडून श्वासनलिकेत उतरू शकतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून त्यात पावडर घालून तो दाट करतात. किती दाट, याच्या शून्य ते चार अशा पातळ्या ठरलेल्या आहेत. सिरिंजमध्ये दहा मिलिलिटर भरायचं, बोट काढायचं आणि दहा सेकंदांनी आत किती उरलं ते बघायचं. कुणाला कोणती पातळी, हे ज्याच्या त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. तीन नंबरच्या आजोबांना एक नंबरचा चहा गेला तर ॲम्ब्युलन्सच बोलवायची. पहाटे पाच वाजता एकटीच्या जिवावर हे सांभाळणाऱ्या बाईचा पगार किमान वेतनाच्या उंबऱ्यावर बसलेला असतो.

या विद्येचं प्रमाणपत्र 2015 पासून आहे. पंधरा प्रकरणं होती, आता सोळा झाली. गंमत अशी की नव्या मालकाचा जुन्या मालकाच्या प्रमाणपत्रावर विश्वास नसतो. बाईने नोकरी बदलली की पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे हात कसे धुवायचे इथून सुरुवात. आणि या क्षेत्रात दर वर्षी चारांतला जवळपास एक जण नोकरी सोडतो. इतकी वाहती गंगा असल्यावर प्रशिक्षण-संस्थांनीही त्यात हात धुऊन घेतले, तर त्यांना दोष कसा द्यावा? ही पुनरावृत्ती थांबावी म्हणूनच 2024 ची ती नवी पात्रता आणली होती. पात्रता राहिली, पैसे आटले.

उरलेल्या पैशांपर्यंत पोचायची वाट बघा. सरकार आधी देत नाही. वीस खाटांच्या केअर होमच्या मालकिणीने आधी स्वतःच्या खिशातून फी भरायची, शिकायला गेलेल्या बाईच्या पाळीवर दुसरी बाई लावून तिचा पगार द्यायचा आणि मग दावा करायचा. त्यासाठी सगळ्या कामगारांची माहिती राष्ट्रीय माहितीसंचात भरलेली हवी, तीही ताजी. अभ्यासक्रम मान्य यादीतला हवा. बिल हवं, पैसे भरल्याचा पुरावा हवा. एवढं करून हाती ठरलेल्या मर्यादेइतकंच. आधी ट्रॅक्टर घ्या, बिल जोडा, अनुदान मागाहून, हे ज्याने आपल्याकडे अनुभवलंय त्या शेतकऱ्याला हा इंग्रजी कारभार अगदी घरच्यासारखा वाटेल. फाइल आपल्याला साहेबानेच शिकवली. दीडशे वर्षं झाली तरी गुरू विद्या विसरलेला नाही.

मोठ्या कंपन्यांची गोष्ट वेगळी. 30 लाख पौंडांवर वेतनखर्च गेला की त्यावर अर्धा टक्का शिकाऊ उमेदवारांसाठी कर, 2017 पासून. तो पैसा ठरलेल्या मुदतीत आपल्या उमेदवारांवर वापरला नाही, तर त्यावरचा हक्क जातो.

एवढी उठाठेव करण्यापेक्षा शिकलेली माणसं बाहेरूनच आणली तर? 2020 मध्ये सरकार म्हणालं, हे काम कमी कौशल्याचं, व्हिसा नाही. जागा ओस पडल्या तेव्हा, फेब्रुवारी 2022 मध्ये, त्याच कामाला व्हिसा मिळू लागला. भारतातून, नायजेरियातून, झिम्बाब्वेतून माणसं आली. कित्येकांनी एजंटला लाखो रुपये मोजले, कुणी कर्ज काढलं, कुणी बायकोचे दागिने मोडले. हा खर्चही प्रशिक्षणाचाच धरायला हवा, कारण त्यासाठी कुणीही व्हाइटहॉलकडे बिल पाठवलं नाही. जुलै 2025 मध्ये परदेशातून नवी भरती बंद झाली. आता म्हणे आपलीच माणसं शिकवून तयार करायची. त्याच वर्षी एप्रिलपासून मालकांचा राष्ट्रीय विम्याचा हप्ता 13.8 टक्क्यांवरून 15 वर नेलेला होता, तेव्हा त्या मालकिणीच्या गल्ल्यात शिकवण्यापुरतं काय उरलंय, हे तिलाच ठाऊक.

तरी सरकार स्वस्थ बसलेलं नाही. या सगळ्याचा मुळापासून विचार करायला बॅरोनेस केसी यांचा आयोग नेमला आहे, अंतिम अहवालाला 2028 पर्यंतची मुदत आहे. आयोगाने आधी स्वतःच्या खिशातून खर्च करावा आणि मग पावत्या जोडून दावा करावा, अशी अट त्याला घातल्याचं मात्र ऐकिवात नाही.