दिव्यापुढे अंधार

शेजारच्या काकांनी गाडीचा ६०/५५ वॅटचा हॅलोजन काढून पांढराफटक एलईडी बसवला. "आता ताम्हिणी घाटात रात्रीही सगळं लख्ख दिसतं!" म्हणाले. दिसणारच, समोरच्याला दिसायचं बंद झालं, एवढंच. हेडलाइटच्या आतला आरसा घडवलेला असतो हॅलोजनच्या बारीक तारेच्या मापाने. त्यात भलताच दिवा कोंबला, की उजेड रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीशी विसंगत फेरफारांना मनाई करतं. पण दिपलेल्या डोळ्यांनी कायदा वाचायचा कसा? मग समोरचाही सूड म्हणून दुप्पट प्रखर दिवा आणतो. आता वळणावर दोघेही एकमेकांना ओवाळतात आणि डोळे मिटून स्टिअरिंग फिरवतात. काचेवरचा चिखल मात्र कुणी पुसत नाही. फडक्याला रुबाब कुठला?