बंब परत येतोय

रेडिंग, इंग्लंड

ती. बाबा आणि ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि.

बाबा, ‘पुण्यात एसी लागतो असं ज्याला वाटतं तो पुण्याचा नव्हे’ हा तुमचा निरोप मिळाला. सोबतचा पुरावाही वाचला. 30 एप्रिल 1897 ला पुण्यात पारा 43.3 अंशांवर गेला होता, तेव्हा कोणी एसी लावला होता का? हवामान खात्याच्या सिमला ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाशी तापमानावरून वाद घालायची माझी प्राज्ञा नाही. पण तेव्हाचे लोक वाड्यात, हातभर जाड भिंतींआड राहत होते. तुम्ही राहता शेवटच्या मजल्यावर, गच्चीच्या थेट खाली. तो स्लॅब दिवसभर ऊन खातो आणि रात्री अकरानंतर आईच्या अंगावर ओकतो. आणि वेधशाळेचे सगळे आकडे पांढऱ्या झडपांच्या पेटीतले, सावलीतले, खेळत्या हवेतले. एकदा तो थर्मामीटर आईच्या उशाशी ठेवा आणि मग 1897 काढा.

आता इथलं. आमचा गॅसचा बॉयलर थकलाय. नवा बॉयलर घ्यायचा की हीट पंप, यावर घरात दोन पक्ष पडलेत. ह्यांच्याकडे एक्सेलची शीट आहे, माझ्याकडे गार पडलेली पावलं. हीट पंप म्हणजे काय विचाराल, तर उलटा लावलेला एसी. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, हा बाहेरची उचलून आत आणतो. बाहेर दोन अंश असताना तिथे कसली आलीय उष्णता, असं आई म्हणेल. आई, फ्रीझरमध्ये उणे अठरा असतं, तरी त्यातूनही उष्णता काढली जातेच ना? ती काढून बाहेर टाकली जाते, म्हणून तर फ्रीज बाहेरून गरम लागतो.

सरकार यासाठी साडेसात हजार पौंड अनुदान देतं. ते ऐकल्यावर माझ्यातली पुणेकर जागी झाली आणि ‘मग मेख कुठेय?’ म्हणाली. मेख अशी की एका युनिट विजेत हा साधारण तीन युनिटं उष्णता देतो, पण इथे वीज गॅसच्या जवळजवळ चौपट महाग. तिपटीने मिळवायचं आणि चौपटीने मोजायचं! नीट बसवला तर साडेतीन-चारही मिळतात म्हणे, आणि सगळं गाडं त्या ‘नीट’वर अडलंय.

म्हणून एक सर्व्हेवाला येऊन गेला. हातात लेझरची मापपट्टी. प्रत्येक भिंत, प्रत्येक खिडकी, अगदी जिन्याखालचा कोनाडासुद्धा मोजला. दारं कुठून गळतात ते बघितलं, माळ्यावर चढून उष्णता अडवणाऱ्या लोकरीच्या थराची जाडी मोजली. पुण्यात एसीवाला दारातूनच ‘दहा बाय बारा? दीड टन टाका’ म्हणतो, तो मला त्या दोन तासांत फार आठवला. शेवटी निकाल लागला : रेडिएटर मोठे हवेत, कारण हीट पंपातून पाणी बॉयलरइतकं कढत येत नाही. आणि आंघोळीच्या पाण्यासाठी एक उभी टाकी लागेल, बेडरूममधल्या कपाटाच्या जागी.

बाबा, म्हणजे बंबच की हो! आजीच्या न्हाणीघरात असायचा तसा उभा, गोल, पोटात पाणी धरून बसलेला. गोवऱ्या आणि फुंकणी तेवढी गेली. तुम्ही तो मोडीत काढलात तेव्हा आजी दोन दिवस बोलली नव्हती. आता तोच मी पौंड मोजून घरात घेतेय आणि त्यासाठी साड्यांचं कपाट जातंय. एवढं करून हा हीट पंप उन्हाळ्यात आम्हाला गारवा देणार नाही, कारण रेडिएटरमध्ये गार पाणी सोडलं तर दव धरून खाली थारोळं व्हायचं. 2022 च्या जुलैत या देशात 40 अंशांच्या वर पारा गेला, तेव्हा आम्ही खिडक्यांना ओल्या चादरी बांधून बसलो होतो.

तेव्हा माझं ऐका. तुम्हाला कूलर हवाय हे मला कळतं, आणि मार्च ते मे पुण्याच्या कोरड्या हवेत तो चालतोही. पण त्याला खिडकी उघडी लागते, आणि तुमच्या खिडकीबाहेर अख्खा सिंहगड रोड हॉर्न वाजवत असतो. पाऊस सुरू झाला की कूलर नुसती ओल करील. आधी गच्चीला पांढरा रंग मारून घ्या, सोसायटी नाही म्हणाली तर आपल्या खर्चाने. मग फक्त आईच्या खोलीत इन्व्हर्टर एसी. दीड टनच घ्या, वर स्लॅब आहे म्हणून, एसीवाला म्हणतो म्हणून नव्हे. (हा टन बर्फाचा बरं का, आई : एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी त्याची ताकद. मशीनचं वजन नाही.) 2020 पासूनचे एसी सुरू केले की आपोआप 24 वर येतात, तिथेच राहू द्या. वर पंखा एकवर. रात्रभरात सात-आठ युनिटं जातील. महावितरणच्या बिलात तीनशे युनिटं ओलांडली की दर चढतो हे मला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा मीटरचं रीडिंग तुम्ही रोज लिहून ठेवणारच.

पैसे पाठवतेय, ‘नको’ म्हणून फोन करू नका. आणि एसी बसवताना समोर उभे राहा. त्याच्या पाण्याची नळी खालच्या काकूंच्या वाळवणावर सोडली, तर पुढच्या पत्रात मला फक्त त्याच भांडणाचं वर्णन वाचावं लागेल.

तुमची लेक

ता. क. : आई, बंबाची जुनी तोटी माळ्यावर आहे का बघ. ह्यांना दाखवायचीय.