रेकॉर्डवरचा कुत्रा आणि आमचा गुंड्या

अहो, ऐकलंत का? जरा भिंतीजवळ या, त्यांची खिडकी उघडी आहे. काल वहिनींनी गुंड्याला घरी बोलावलं! हो हो, त्याच वहिनी आणि तोच गुंड्या. मला वाटलं, झालं, आज हिशेब चुकता होणार बिचाऱ्याचा.

बिबड्यांचं तुम्हाला माहीतच आहे. वहिनींनी पहाटे चारला उठून घाटा शिजवला, गच्चीवर जुनी साडी अंथरून ओळीनं बिबड्या घातल्या, आणि हा दीड वितीचा प्राणी मधली भिंत टपून या टोकापासून त्या टोकापर्यंत... ओल्या बिबडीवर चार बोटं आणि मधे गादी, अगदी रेखीव. ‘गौरी आल्या वाटतं,’ एवढंच म्हणाले मी. महिनाभर माझ्याशीही बोलल्या नाहीत.

तर काय सांगत होते, घोळ मुळात कुत्रं निवडतानाच झाला. मास्तरांच्या वडिलांकडे त्या एचएमव्हीच्या रेकॉर्डी आहेत ना, भोंग्यापुढे मान वाकडी करून बसलेलं कुत्रं असतं बघा, आजोबांना तस्संच हवं होतं. शांत, ऐकत बसणारं. नातू पुण्याहून जॅक रसेल टेरियर घेऊन आला. पिशवीतून डोकं बाहेर आलं तशा आत्या म्हणाल्या, ‘काय लई उना रे भाऊ?’ उत्तर मिळायच्या आत त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता.

मग मास्तर बसले वाचत. तुम्हाला ठाऊक आहे त्यांचं. म्हणाले, रेकॉर्डवरचा तो निपर, जन्म १८८४, गाव ब्रिस्टल, टेरियरच्याच रक्ताचा. आलेल्या-गेलेल्याच्या पोटऱ्यांना चावे काढायचा म्हणून नाव निपर! आणि ते प्रसिद्ध चित्र काढलं कधी, तर तो १८९५ मध्ये गेल्यावर. ‘म्हणजे बाबा, तो शांत बसला तो चित्रातच.’ आजोबांचा चेहरा असा उतरला... चहा हातात निवला हो.

आणि गुंड्याची ही जातच कोल्ह्याच्या बिळात घुसायला तयार केलेली. रसेल नावाचा कुणी इंग्रज पाद्री होता शिकारीचा नादिष्ट, त्याच्यावरून हे नाव. आता आपल्या देवपुरात कोल्हा कुठून आणायचा? मग कुंडी उकर, सोफा उकर.

नातवानं एक मात्र शहाणपणा केला. पिल्लू दोन महिन्यांचं होऊ दिलं (आठ आठवड्यांच्या आत विकायचंच नाही, असा २०१७ पासून नियम आहे), नोंदणी असलेला ब्रीडर शोधला आणि पिल्लाची आई बघून आला. ती माणसाच्या अंगावर धावते की शेपूट हलवते, तेवढं बघितलं की पिल्लाचं बरंच कळतं म्हणे. आपण नाही का, मुलगी बघायला गेलो की आधी आईकडेच... असो.

डॉक्टर काय म्हणाले ऐका. ‘कुत्रं बिघडलेलं नाही, बेरोजगार आहे.’ त्याला काम द्या म्हणाले. म्हणून तो अंगणातला वाळूचा ढीग! आम्हाला वाटलं वरचा मजला चढवतायत. त्यात पोळीचे तुकडे पुरतात, हा उकरून काढतो, तेवढ्यानं तुळस वाचली. फिरायला मात्र सकाळी सातच्या आत, नाहीतर थेट रात्री. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन, डांबरावर पंजे भाजतात. परवा दत्तमंदिर चौकात मास्तर उकिडवे बसून रस्त्याला हाताचा पालथा पंजा लावून बघत होते. दूधवाल्याला वाटलं, पाया पडतायत.

आणि आत्यांचा लाड! शेवभाजीचा रस्सा भाकरीत कुस्करून घालायच्या. डॉक्टर म्हणाले, कांदा-लसूण नको, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिऱ्यातले बेदाणेही नकोत, मूत्रपिंडावर जातं. आत्या फणकारल्या, ‘मग खानदेशात राहून हा खातो तरी काय?’

हां, तर काल. वहिनींच्या कोठीखाली घुशीनं जमीन पोखरली होती. विषाच्या गोळ्या ठेवून झाल्या, पण घूस बेटी शिवेना. शेवटी तोंड वाकडं करून त्यांनी मास्तरांना हाक मारली. मास्तरांनी आधी सगळ्या गोळ्या मोजून उचलायला लावल्या. विष खाल्लेली घूस तोंडात धरली तर कुत्राही जायचा. लेप्टोची लस झालीय का, तेही फाईल उघडून बघितलं. मग सोडला. गुंड्या कोठीखाली शिरला, बाहेर नुसती शेपटी, ताठ, थरथरतेय. वहिनी पलंगावर उभ्या, साडी गुडघ्यापर्यंत. आतून धडपड, एक चीं... आणि हा उलटा सरकत बाहेर, तोंडात ही एवढी घूस!

वहिनी काय म्हणाल्या असतील? ‘गुंडूबाळा!’ माझ्या कानांनी ऐकलं. आज सकाळी वाटीत दहीभात घेऊन फाटकाशी उभ्या. ‘कांदा नाही हो घातलेला.’

आता गल्लीत नंबर लागलेत. आमच्याही मागच्या पायरीखाली रात्री खुडबुड होते, म्हणून शनिवार मी धरून ठेवलाय. वहिनींना बोलू नका, त्यांनाही शनिवारच हवाय.